चौथ्या आठवड्यातली शिवण

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं आहे की ओळीवर सुरू होतं आणि ओळीच्या खाली जाऊन थांबतं. चांदवडकडच्या आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे, आणि हायवे ओलांडायला मुलींना कोणी पाठवत नसे. त्यामुळे मला जेवढं लिहिता येतं तेवढंच येतं.

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी मी शेजारणीच्या मागे उभी राहते. पण जे झालं ते इतकं चांगलं झालं की कुठेतरी उतरवून ठेवावंसं वाटलं. बोलून दाखवता येत नाही म्हणून लिहिते.

आम्ही एकलहऱ्याला राहतो. मालक वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत, राखेच्या पाइपांवर. सासरे तिथेच कायम नोकरीत होते, निवृत्तीच्या आधीच गेले. त्यांचा फंड सासूबाईंच्या नावाने बँकेत ठेव म्हणून होता. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मी घरी परकर शिवते. नाशिकमधल्या एका व्यापाऱ्याकडून कापलेल्या कापडाचा गठ्ठा येतो, मी कळ्या जोडते, खालची पट्टी मारते, वर नेफा घालते, नाडी ओवते आणि गठ्ठा परत जातो. नेफा म्हणजे नाडी जाण्यासाठी कापड दुमडून केलेली नळी. आयुष्यात मी किती नेफे शिवले असतील, देव जाणे.

देव जाणे असं लिहिलं खरं, पण आमच्या घरात देव्हारा नाही. सासऱ्यांनी आपल्या लग्नाच्या वर्षीच तो काढून टाकला. उपास नाही, नवस नाही, विहारात जाणं तेवढं असतं. पण देव गेले तरी ग्रहण राहिलं होतं. ग्रहणात पोटुशीने चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई हातात धरायची नाही. हे सासऱ्यांनी कधी मोडून काढलं नाही, कारण ते बायकांच्या बाजूचं होतं आणि त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या पहिल्या वेळी सहाव्या महिन्यात ग्रहण आलं. आत्या घोटीला भावाकडे गेल्या होत्या. व्यापाऱ्याचा निरोप होता की सणाचा माल आहे, गठ्ठा संध्याकाळपर्यंत पाहिजे. मी दार लोटून मशीन चालवत बसले. आत्या एक गाडी आधीच आल्या. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“ग्रहण लागलंय,” त्या म्हणाल्या. “आन् तू सुई चालवती?”

मी पाय उचलला. मशीन थांबली. पण शिवायचं ते शिवून झालं होतं.

पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी माझी राहूनच गेली होती. दुखत-खुपत नव्हतं, म्हणून कुणाला निकड वाटली नाही आणि मी तर सांगणारच नव्हते. मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला उचललं, पाठ पाहिली आणि कुणाला तरी हाक मारली. कमरेच्या वर, मणक्यावर एक फुगा होता. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतलं ओलं दिसत होतं. त्या फुग्याखाली मणक्याची हाडं मागून जोडलेलीच नव्हती.

आत्यांनी ते पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, “बघ.”

मोठ्या दवाखान्यात नेलं. लवकर ऑपरेशन करून पाठ बंद करायला हवी, नाहीतर आत जंतू जातील, असं सांगितलं. सरकारी योजनेत जेवढं बसलं तेवढं बसलं, बाकीचे पैसे उभे करायचे होते. मालक ज्याला-त्याला फोन लावत होते. आत्यांनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. “ठेव मोडते,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी खाटेवर बसलेली, मूल दुसऱ्या खोलीत. “पैशे देते मी. पण ह्ये तुज्या मशीननं केलंय. तुज्या मशीननंच फेडायचं.”

मी मान हलवली. मला ते खरंच वाटत होतं. तेव्हा कुणी सांगितलं असतं की तुला फाशी आहे, तरी मी मान हलवली असती.

मुलगी वाचली. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण माझं लिहिणं असंच मागेपुढे होतं. मुलगी वाचली, मोठी झाली, आता ती या घरातली सगळ्यात जास्त बोलणारी व्यक्ती आहे. पायांत जोर कमी आहे, म्हणून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचे बूट आणि हातात वॉकर. लघवी आपोआप पूर्ण होत नाही, म्हणून ठरलेल्या वेळी बारीक नळी घालून काढावी लागते. आधी ते मीच करायचे, आता ती स्वतः करायला शिकते आहे आणि मला सांगते, “तू तिकडे तोंड कर.”

गठ्ठ्याचे पैसे आले की त्यातले काही मी आत्यांच्या साखरेच्या जुन्या डब्यात टाकायची. त्या बघायच्या, बोलायच्या नाहीत. मीही बोलायची नाही. डब्याचं झाकण जोरात बसायचं, तेवढाच आवाज.

मला दुसरं मूल हवं होतं. मोठीला पाठचं कोणी असावं, आम्ही नसताना तिच्या बाजूने कोणी उभं राहावं असं वाटायचं. मालकांनाही वाटायचं, पण ते माझ्याकडे बघून गप्प बसायचे. आत्या सरळ बोलायच्या. “दुसरं नको. हात तेच, मशीन तीच.” आणि मला दोन्ही गोष्टींची भीती होती. पुन्हा तसंच झालं तर काय, ही एक. आणि माझे हातच तसे असतील तर, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी मोठी होती.

मोठी चार-पाच वर्षांची असताना तिच्या तपासणीला मी पहिल्यांदाच एकटी गेले. नेहमी मालक यायचे आणि तेच बोलायचे, पण त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नाही. तिथे एक नवीन डॉक्टरबाई होत्या, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी मोठीचे पाय तपासले, पाठीवरून हात फिरवला, बुटाचे पट्टे सैल करून परत बांधले. मग मला विचारलं, “ताई, दुसऱ्या बाळाचा विचार आहे का?”

मी खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. उत्तर मोठीने दिलं.

“आजी म्हणते दुसरं नको. आई ग्रहणात शिवते.”

मला वाटलं जमीन फाटावी. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता?”

बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाले, “सहावा.”

“सहावा,” त्या म्हणाल्या. “मग त्या ग्रहणाचा आणि पाठीचा काही संबंध नाही. ही पाठ चौथ्या आठवड्यातच उघडी राहिली होती.”

मला समजलं नाही. त्यांनी टेबलावरच्या चिठ्ठ्यांमधली एक लांबट चिठ्ठी घेतली आणि माझ्यासमोर आडवी ठेवली.

“बाळ अगदी सुरुवातीला असं सपाट असतं,” त्या म्हणाल्या. “तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याच्या पाठीच्या बाजूला एक जाडसर पट्टी तयार होते. मग काय होतं, त्या पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. मधे चर पडतो. कडा एकमेकींकडे झुकतात, टेकतात आणि जुळतात. पट्टीची नळी होते. या नळीतूनच पुढे वर मेंदू होतो आणि खाली पाठीतली मुख्य नस, जिच्यातून पायांना हुकूम जातो. नळी जुळली की तिच्यावर कातडी येते आणि भोवती हाडं होतात.”

त्या बोलत असताना त्यांनी चिठ्ठीच्या कडा दुमडून वर आणल्या, आणि मी बघत होते, आणि मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं बोलणं सगळंच्या सगळं कळत होतं. सपाट पट्टी, दोन कडा, मधे चर, कडेला कड. तो नेफाच होता.

“टोकाकडून सुरू होतं?” मी विचारलं. हा मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेला पहिला प्रश्न.

“नाही. मधून. मानेच्या जागी आधी जुळतं, मग वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे मिटत जातं. दोन्ही टोकं शेवटी मिटतात. वरचं आधी, खालचं त्यानंतर थोड्याच दिवसांनी. आणि हे सगळं गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या आत. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक जणींना तोवर कळलेलंही नसतं.”

“हिचं खालचं मिटलं नाही.”

“हिचं खालचं मिटलं नाही. आणि तेव्हा तुम्हाला माहीतही नव्हतं की ही आहे.”

सहाव्या महिन्यातल्या त्या संध्याकाळी मी जेव्हा मशीन चालवत होते, तेव्हा हिची पाठ उघडी राहून कित्येक महिने झाले होते. माझी सुई उशिरा आली होती. काही उसवायला तिथे शिवणच नव्हती.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ही नळी मिटायला फोलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते पालेभाज्यांत असतं, डाळींत असतं, पण तेवढं सगळ्यांना पुरतंच असं नाही. “तुम्हाला गोळ्या कधी सुरू झाल्या?”

“चौथ्या महिन्यात.”

“का?”

काय सांगणार. दिवस गेल्याचं तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नजर लागते, पडून जातं. चौथा लागला की आरोग्य केंद्राची आशाताई घरी येते, नाव नोंदवते, गोळ्या देते. ज्या महिन्यात गोळी हवी तो महिना आम्ही लपवून ठेवतो. घरोघरी तेच चालतं. मी हे सांगितलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या नंतरच्या गोळ्याही लागतातच, रक्त वाढायला. पण या नळीसाठी त्या उशिराच्या.”

मग मी गोळी घेतली असती तर, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. “धोका बराच कमी झाला असता. झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. कुणाच्या घराण्यात असतं, कुणाला साखरेचा आजार असतो, कुणी फिटची काही औषधं घेत असतं, कुणाला सुरुवातीला जोराचा ताप येतो. बऱ्याच वेळा दोन-तीन गोष्टी मिळून होतं, आणि कित्येकदा शोधूनही कळत नाही. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, ताई. माणसावर तर नाहीच.”

एकदा असं झालेल्या बाईला नेहमीपेक्षा मोठी गोळी लागते, आणि ती दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. आपल्या मनाने नाही, या कागदावर जेवढी आहे तेवढीच. मी ती चिठ्ठी घेतली आणि मोठीला घेऊन बाहेर आले. रिक्षात ती म्हणाली, “आई, तू हसतीयेस.” मला कळलंच नव्हतं.

घरी येऊन मी आधी भात लावला. धीर गोळा करायला वेळ हवा होता. संध्याकाळी मालक आले, जेवणं झाली. मी गठ्ठ्यातली उरलेली एक चिंधी घेतली आणि आत्यांच्या समोर जमिनीवर पसरली.

“आत्या, बघा.”

“काय बघू? परकर बघू व्हय?”

मी चिंधीच्या कडा वर उचलल्या. मधून टाचणी लावली. वरच्या बाजूला दुसरी, खालच्या बाजूला तिसरी. बोलायला सुरुवात केली आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. सपाट पट्टी, मग चर, मग नळी, पहिला टाका मानेपाशी, चौथा आठवडा, सगळं सांगितलं.

मालक पुढे सरकले. “आमच्याकडं पाइप असाच करतात,” ते म्हणाले. “सपाट पत्रा, गोल वळवायचा आणि कडेला वेल्डिंग. वेल्डिंग जिथं राहिलं तिथून राख गळती.”

“तू गप,” आत्या म्हणाल्या. “तुजा पाइप इथं कशाला.” मग माझ्याकडे बघून, “आन् ग्रहण?”

“ग्रहण सहाव्या महिन्यात होतं. हे चौथ्या आठवड्यात झालेलं.”

“ती डॉक्टरीण बसली व्हती का पोटात बघायला?”

“सगळ्याच बाळांचं तेव्हाच होतं, आत्या. तुमचं-माझंही तेव्हाच झालं.”

“मंग कशानं राहिलं उघडं?”

“एका गोष्टीनं नाही. कधी जीवनसत्त्व कमी, कधी घराण्यात असतं, कधी कळतच नाही.”

“कुणाचंच नाय, असं कसं?” त्या चिडल्या होत्या. “कुणाचं तरी आसतंच.”

आत्यांनी ती चिंधी उचलली, टाचण्या टोचल्या तशी परत ठेवली. मग वरच्या टाचणीवर बोट ठेवून, मला ऐकू यावं इतक्याच आवाजात म्हणाल्या, “ह्ये वरचं टोक मिटलं नाय तर?”

डॉक्टरबाईंनी तेही सांगितलं होतं. ते कसं बोलावं हे मला कळेना. “तर डोक्याची कवटी होत नाही. मेंदू नीट होत नाही. ते मूल जगत नाही, आत्या.”

आत्यांनी मालकांकडे पाहिलं. “तुज्या आधी येक व्हतं,” त्या म्हणाल्या.

मालकांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. या घरात कुणालाच नव्हतं. आत्यांनी सांगितलं ते असं. त्यांचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, घोटीकडे. मुलगा होता. भुवयांच्या वर त्याला डोकंच नव्हतं. सुईणीने कापडात गुंडाळून नेलं, त्यांना नीट बघूही दिलं नाही, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या सासूने म्हटलं, ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचं डोकं चिरलंस. आणि त्या खरंच बसल्या होत्या. भाजी चिरली होती, भूक लागली म्हणून.

“कितव्या महिन्यात?” मी विचारलं.

“आठवा सरत व्हता.”

आत्यांनी बोटांवर हिशेब सुरू केला. एक एक बोट दुमडत आठव्यापासून मागे गेल्या, अंगठ्यापाशी थांबल्या, परत सुरुवातीपासून मोजलं. मी बघत होते. आयुष्यभर एखादं ओझं डोक्यावर असलं की माणूस मान कशी धरतो, आणि ते उतरलं की कशी धरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

“म्हंजी भाजी चिरायच्या लय आदी,” त्या म्हणाल्या.

“लय आधी, आत्या.”

त्या उठून मोरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, “ती गोळी कुठं भेटती?”

गोळी मी सुरू केली. आता वेगळीच पंचाईत झाली. शेजारच्या काकूंनी फळीवर पाकीट पाहिलं आणि चाळभर झालं की हिला दिवस गेले. महिना गेला, दुसरा गेला, पोट काही दिसेना. काकू दारात येऊन म्हणाल्या, “काय गं, गोळ्या चालू अन् पत्ता नाही?” मी नेहमीसारखी आत पळणार होते. आत्या पुढे झाल्या.

“घर लिपायच्या आदी चुली मांडता का तुमी? ह्ये लिपणं चाललंय.”

“पोट नाही अन् गोळ्या, ऐकलं नव्हतं बाई.”

“मंग आता ऐका. बसा हितं.” आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. “आण ती चिंधी.”

त्यानंतर ती चिंधी कितींनी पाहिली याचा हिशेब नाही. आत्या कुणाच्या लग्नाला गेल्या की नवरीच्या आईला बाजूला घेऊन विचारायच्या, गोळी सुरू केली का. नवऱ्या लाजून लाल. एकदा तर नवरदेवालाच विचारलं. तो बिचारा ताटावरून उठला. आशाताई मला म्हणाली, “तुझ्या सासूनं माझी नोकरी घेतली.” पण ती हसत होती, आणि तिच्याकडे आता नव्या सुना आधीच नाव सांगायला येत होत्या. तिसरा महिना सरायची वाट न बघता. चुलीवरही फरक पडला. अंबाडी, पालक उकळून हिरवं पाणी मोरीत ओतायचो, ते बंद झालं. जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरतं, म्हणून आता ते पाणी डाळीत जातं. चव जरा आंबट होते, मालक कुरकुर करतात, आत्या म्हणतात, “गिळा.”

पुढे मला खरोखरच दिवस गेले. पाळी चुकली त्याच आठवड्यात मी आत्यांना सांगितलं. लपवलं नाही. आमच्या घरात इतक्या लवकर कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. आत्या म्हणाल्या, “आता टोकं मिटायचा टाइम हाय. वझं उचलू नको.” ओझ्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो हे मला माहीत होतं, पण मी ऐकलं.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी या वेळी चुकवायची नव्हती. बाहेर बाकावर सगळ्या बायकांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायला बंदी आहे अशी पाटी भिंतीवर होती. मी आडवी झाले. गार जेल पोटावर पडलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मी छताकडे. मग मी विचारलं. आता मला विचारता येत होतं.

“पाठ?”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या-पांढऱ्यात एक माळ दिसत होती, मण्यामागे मणी, एका रेषेत, खालपर्यंत.

“पाठ पूर्ण मिटलेली आहे,” ते म्हणाले. “डोकंही व्यवस्थित.”

बाहेर आत्या उभ्या होत्या. त्यांनी तोंडाने विचारलं नाही. मी दोन्ही तळहात एकमेकांना टेकवले आणि वरून खाली बोटं जुळवून दाखवली. आत्या तिथेच बाकावर बसल्या. शेजारच्या बाईने विचारलं, “काय, मुलगा आहे का?” आत्या म्हणाल्या, “पाठ हाय.”

बाळंतपण सुखरूप झालं. नर्सने बाळ कापडात गुंडाळून बाहेर आणलं आणि आत्यांच्या हातात दिलं. हे मालकांनी मला नंतर सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना अजून हसू आवरत नाही. मुलगा की मुलगी हे आत्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी बाळ पालथं केलं, कापड बाजूला सारलं आणि मानेपासून कमरेपर्यंत एक बोट हळूहळू खाली नेलं. नर्स ओरडली, “आजी, अहो आजी, थंडी वाजेल तिला.” आत्या म्हणाल्या, “थांब जरा. बघू दे.” आणि परत एकदा वरून खाली.

मुलगी होती. मोठी तिला बघायला वॉकर घेऊन आली, बराच वेळ निरखून म्हणाली, “हिला बूट नाही लागणार?” नाही, मी म्हटलं. “मग मी चालायला शिकवते हिला. मला येतं.” आणि खरंच तिनेच शिकवलं. वॉकरची पुढची दांडी धाकटीने धरायची आणि मागची हिने. खोलीभर खडखडाट. खालच्या घरातले वैतागायचे. आज मोठी शाळेत आपल्या बाकापर्यंत स्वतः जाते, आणि धाकटी तिचं दप्तर उचलायला मागे धावते. मोठी देत नाही.

आत्यांचे पैसे फेडायचे राहिले होते. मी त्या सगळ्या काळात टाकत होते, बाळंतपणाचे महिने सोडून. आत्यांनी मला एकदा बजावलं, “आता टाकू नको. मी तवा बोलले ते बोलले.” मी हो म्हटलं आणि पुढच्या गठ्ठ्याचे पैसे आले तेव्हा परत टाकले. त्यांनी डबा लपवला. मी शोधून काढला. त्या मालकांना सांगायला गेल्या, मालक म्हणाले, “तुम्ही दोघी बघा, मला पाइप आहेत.”

शेवटचे पैसे आले तेव्हा मी डब्यात टाकले नाहीत. आत्या दारात बसून धाकटीच्या डोक्याला तेल लावत होत्या. मी नोटा त्यांच्यापुढे धरल्या. त्यांचे हात तेलाचे होते.

“ह्ये काय?”

“शेवटचे.”

“मी सांगितलं व्हतं ना, ऱ्हाऊ दे. दंड काय दंड. कशाचा दंड.”

“दंड नाही, आत्या. तेव्हा दंड म्हणून द्यायचे, म्हणून डब्यात टाकायचे. आता तुम्ही मोठीसाठी उसने दिलेले परत करते. तुमची ठेव होती ती.”

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नोटांकडे. धाकटीला मांडीवरून उतरवलं, पदराला हात पुसले, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. मधेच विसरल्या, परत पहिल्यापासून मोजल्या. मग घडी करून पोलक्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, “बरोबर हायेत. फिटले सगळे. उद्या बँकेत घेऊन चल मला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. फॉर्म मी भरला.